‘कॉग्निझन्स’ या शब्दाची कैफियत



जाणिवेचा अर्थ वाहणाऱ्या इंग्रजी शब्दांपैकी कॉन्शस हा अंतःकरणाकडे वळलेला आहे, अवेअर हा भोवतालाविषयी सावध आहे, आणि या दोघांच्या पंगतीला काहीसा अवघडून बसलेला, दरबारी पोशाखातला तिसरा शब्द म्हणजे कॉग्निझन्स. पहिल्या दोघांवर तत्त्वज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी ग्रंथालये भरून ठेवली आहेत. तिसऱ्याकडे मात्र वकीलवर्गाखेरीज सहसा कोणी फिरकत नाही, आणि वकीलवर्ग त्याचा अर्थ उकलण्यापेक्षा त्याचा उपयोग करून घेण्यात अधिक गढलेला असतो. आजचे व्याख्यान मी या तिसऱ्याला वाहिले आहे, कारण मनात आपोआप उमटलेली जाण आणि कोणीतरी अधिकाराने घेतलेली जाण यांत जे अंतर आहे, ते या शब्दाइतके स्वच्छ दुसरा कोणताही इंग्रजी शब्द दाखवीत नाही. एखादी गोष्ट ठाऊक असूनही मनुष्य खुशाल स्वस्थ बसू शकतो. कॉग्निझन्स घेतल्यावर स्वस्थ बसण्याची सोय उरत नाही.

प्रथम त्याचे कुळ पाहू. लॅटिन भाषेतील ओळखणे, परिचय करून घेणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो जुन्या फ्रेंचमध्ये आला आणि नॉर्मन राजवटीच्या मागोमाग इंग्लंडच्या कचेऱ्यांत शिरला. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स या न्यायाधीशाने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एकच असावे असे जे प्रतिपादन केले, त्याचा एक उत्तम दाखला याच शब्दात दडलेला आहे. कारण त्याच्या पोटातील धातू आणि आपला ‘ज्ञा’ हे सख्खे भाऊ, आणि म्हणून आपले जाण, जाणीव, जाणकार हे शब्दही त्याचे भाऊबंद ठरतात. मौज अशी की इंग्रजांनी आपल्या ‘नो’ या साध्या क्रियापदाच्या आरंभी लिहिलेला ‘के’ उच्चारायचे सोडून दिले, आणि कॉग्निझन्समधला ‘जी’ही त्यांचे जुने वकील गिळूनच टाकीत व ‘कॉनिझन्स’ असे म्हणत. म्हणजे एकाच धातूचे एकच व्यंजन दोन वेगवेगळ्या वाटांनी येऊन मुके झाले. पुढे लॅटिनच्या अभिमान्यांनी लेखनात घातलेला ‘जी’ उच्चारातही बोलू लागला. आपणही ‘ज्ञ’चा उच्चार मुळाप्रमाणे कुठे करतो, तेव्हा त्यांना हसण्याचे कारण नाही.

या शब्दाचा एक अर्थ आज जवळजवळ लोपला आहे, पण माझ्या मते तोच सर्वांत बोलका आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सरदाराचे आश्रित, शिलेदार आणि नोकर आपल्या धन्याचे चिन्ह अंगावर धारण करीत, आणि त्या चिन्हालाच कॉग्निझन्स म्हणत. दुसऱ्या रिचर्ड राजाचा पांढरा हरिण, वॉरिकच्या उमरावाचे अस्वल आणि खडबडीत दंड, ही अशी चिन्हे होती. आपल्या कचेरीतील चपराशी ज्या पितळी चपराशीवरून चपराशी म्हणवला गेला, ती चपरास म्हणजे या अर्थाचा अगदी नेमका देशी अवतार होय: ती धारण करणारा मनुष्य कोण, यापेक्षा तो कोणाचा, हे ती सांगते. शेक्सपिअरने सहाव्या हेन्रीवरील नाटकाच्या पहिल्या भागात दोन घराण्यांचे पक्षपाती लाल आणि पांढरी गुलाबफुले खुडतात असा जो प्रवेश रंगवला, त्यात पांढऱ्या गुलाबाला हाच शब्द लावला आहे. आणि तो प्रवेश घडतो लंडनच्या टेंपल उद्यानात, म्हणजे वकिलांच्याच अंगणात.

चिन्ह ओळखण्यात चूक झाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण 14 एप्रिल 1471 रोजी बार्नेटच्या रणांगणावर घडले. त्या सकाळी दाट धुके होते. ऑक्सफर्डच्या उमरावाचे सैनिक शत्रूची एक फळी उधळून, गावापर्यंत पाठलाग करून परतत होते. त्यांच्या अंगावरचा किरणांकित तारा धुक्यातून शत्रुपक्षाच्या चौथ्या एडवर्ड राजाच्या सूर्यचिन्हासारखा दिसला, आणि त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी त्यांच्यावर बाण सोडले. दगा, दगा, असा ओरडा झाला, सैन्य विस्कटले आणि त्या पक्षाचा पुढारी वॉरिक त्या दिवशी मारला गेला. वर्णन तत्कालीन बखरीचे आहे, तेव्हा पराभवाचे सारे खापर त्या ताऱ्यावर फोडू नये. तरी ओळख ही मनातली निरुपद्रवी घटना नसून तिच्या पाठीमागून हात उचलला जातो, हे त्या प्रसंगावरून दिसते.

न्यायालयातला अर्थ याच्याही पूर्वीचा. रोमन अंमलदार एखाद्या प्रकरणाची जी चौकशी स्वतः चालवी, तिला याच धातूवरून साधलेले नाव होते; बिथिनियाचा सुभेदार धाकटा प्लिनी याने सम्राट ट्राजनला ख्रिस्ती लोकांविषयी लिहिलेल्या सुप्रसिद्ध पत्रात, आपण अशा चौकश्यांना पूर्वी कधी हजर नव्हतो म्हणून हुकूम मागतो, असे कळवले आहे. इंग्लंडात हा शब्द अखत्याराचा वाचक झाला, आणि आपल्या विद्यार्थ्यांवरील खटले आपणच चालवू असा हक्क ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही विद्यापीठे याच नावाने सांगत. त्याचा एक वंशज आपल्या फौजदारी कोर्टात रोज भेटतो: आरोपी स्वतःच्या नावाने हजेरीची हमी लिहून देतो तो जातमुचलका, इंग्रजीत रेकग्निझन्स.

आता हिंदुस्थानाकडे येऊ. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि तिच्या जागी आलेल्या 1973 च्या संहितेतही हा शब्द दोन ठिकाणी ठाण मांडून बसला: एक पोलीस ठाण्यात, कलम 154 आणि 155 मध्ये, व दुसरा दंडाधिकाऱ्याच्या आसनापाशी, कलम 190 मध्ये. मराठी कायदेभाषेने त्यासाठी ‘दखल’ हा अरबी शब्द फारसीच्या हातून घेतला. मूळ अर्थ प्रवेश. हिंदीत दखल देणे म्हणजे ढवळाढवळ करणे, तर मराठीत दखल घेणे म्हणजे लक्ष देऊन त्यावर काही करण्यास सिद्ध होणे. बेदखल, दाखल, दाखला ही सारी त्याच घरातली माणसे. ‘अदखलपात्र’ या शब्दात पुढे संस्कृत उपसर्ग, मागे संस्कृत पात्र आणि मधे अरबी दखल असा जो संकर झाला आहे, त्याने शुद्धिवाद्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या तरी मला तो फार आवडतो, कारण ज्ञानाचा कोणताही भारदस्त संस्कृत पर्याय इथे फसला असता. अंमलदाराला गुन्ह्याचे ज्ञान झाले, एवढ्याने फिर्याद पुढे सरकत नाही. त्याने त्यात पाऊल टाकले पाहिजे, आणि पाऊल टाकणे हाच दखलेचा मूळ अर्थ.

मात्र या दोन जागी शब्दाचा अर्थ एक नाही, आणि सामान्य नागरिकाची फसगत नेमकी तिथे होते. दखलपात्र गुन्हा म्हणजे ज्यात पोलीस अधिकारी वॉरंटाशिवाय अटक करू शकतो तो. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून त्याला तपासही करता येत नाही. साधी मारहाण, शिवीगाळ करून डिवचणे, बदनामी, हे अदखलपात्र. आणि ठाण्यातून परतलेला मनुष्य घरी येऊन विषादाने सांगतो की नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घेतली. त्याला वाटते, सरकारने आपले ऐकलेच नाही. वस्तुतः तोच मनुष्य दंडाधिकाऱ्याकडे खासगी फिर्याद घेऊन गेला, तर दंडाधिकारी त्या अदखलपात्र गुन्ह्याचीही दखल घेऊ शकतो! हे वाक्य परकीयाला वेडगळ वाटेल, पण कायद्याच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. उलट, गुन्हा दखलपात्र असताना तो नोंदवून घेण्याची टाळाटाळ करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिताकुमारी प्रकरणात बजावले.

दंडाधिकाऱ्याच्या दखलेची व्याख्या संहितेने कुठेच दिलेली नाही, आणि त्यामुळे ती निवाड्यांतून घडत गेली. चारी यांच्या 1951 च्या आणि दर्शनसिंग रामकिशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1971 च्या प्रकरणांतून जो विचार स्थिरावला तो असा, की कागद टेबलावर आला, वाचला गेला, त्यावर तपासाचा हुकूमही निघाला, तरी तेवढ्याने दखल होत नाही. पुढील कार्यवाही चालवण्याच्या हेतूने गुन्ह्याकडे मन लावले गेले पाहिजे. तीही गुन्ह्याची घ्यायची, गुन्हेगाराची नव्हे. फिर्याद नसताना दंडाधिकाऱ्याने स्वतःच्या माहितीवरून दखल घेतली, तर पुरावा सुरू होण्यापूर्वी आरोपीला, तुझा खटला दुसऱ्या दंडाधिकाऱ्याकडे चालवून घेण्याचा तुला हक्क आहे, असे सांगावे लागते. ज्याला आधीपासून ठाऊक आहे त्याने निवाडा करणे बरे नव्हे, ही सूक्ष्म शंका कायद्याने इथे बाळगली आहे, आणि ज्ञानाविषयी इतका संशयी असलेला ज्ञानवाचक शब्द मला दुसरा आढळलेला नाही. शिवाय मुदतीचे बंधन आहेच: केवळ दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने, वर्षापर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्याला एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्याला तीन वर्षे, ती उलटली की, विलंबाचे कारण न्यायालयास पटले किंवा न्यायाच्या हितासाठी तसे करणे आवश्यक वाटले तरच दखल घेता येते. लोकसेवकाच्या कर्तव्यासंबंधीच्या कृत्याला पूर्वमंजुरीचे कुलूप निराळे.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली, कलमांचे क्रमांक बदलले, कलम 190 चे 210 झाले, शब्द मात्र तोच राहिला. कलम 223 मध्ये एक नवी तरतूद आली आहे: खासगी फिर्यादीवर दखल घेण्यापूर्वी आरोपीला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. आजवर फिर्यादी आणि दंडाधिकारी यांच्याच दरम्यान चालणाऱ्या या पायरीवर तिसरा मनुष्य येऊन उभा राहिला. आणि ज्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने अद्याप घेतलेलीच नाही, त्याच्या बाबतीत या मनुष्याला आरोपी म्हणायचे ते कोणत्या आधारावर, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांनी वकिलांच्या चरितार्थासाठी मोकळा ठेवला आहे.