हवामान कृती आराखड्याचा आढावा : तंजावूरच्या तळ्यांच्या निमित्ताने



हवामान बदलाची चर्चा बहुधा आंतरराष्ट्रीय करारांपासून सुरू होते आणि तेथेच संपते. प्रत्यक्षात अतिवृष्टीचे पाणी ज्या गटारातून वाहून जावयाचे ते गटार आणि ज्या तळ्यात साठावयाचे ते तळे, ही दोन्ही बहुतांशी स्थानिक स्वराज्य संस्थेच्या देखभालीखाली असतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) राज्यघटनेत समाविष्ट केलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. नागरी वनीकरण व पर्यावरण संरक्षण हा त्यांतील आठवा विषय होय. मात्र अनुच्छेद २४३ब अन्वये हे अधिकार किती द्यावयाचे, ते राज्य विधिमंडळ ठरविते. त्यामुळे नागरी संस्था आपल्या हवामान व निसर्गविषयक आराखड्याचा आढावा घेते तेव्हा पहिला प्रश्न अधिकारकक्षेचा असतो. या दृष्टीने तंजावूरचे उदाहरण उद्‌बोधक आहे.

जुन्या शहराची जलव्यवस्था

व्यंकोजी राजांनी १६७६ च्या सुमारास येथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली व ती १८५५ पर्यंत टिकली. त्यामुळे मराठी वाचकाला हे शहर परके नाही. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील या शहरास मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो. थोड्या आठवड्यांत पडणारे हे पाणी वर्षभर पुरविणे हा येथील जुना प्रश्न आहे. नायक राजवटीच्या काळातील शेवप्पनायकन एरी या तलावात पावसाचे पाणी जमा होई, तेथून ते बृहदीश्वर मंदिरालगतच्या शिवगंगा तळ्यात येई आणि पुढे भूमिगत नाल्यांतून, केवळ उताराच्या बळावर, किल्ल्यातील अय्यनकुळमसारख्या तळ्यांना मिळे. मराठा राजवटीतही ही व्यवस्था वापरात राहिली. तिला इंधन लागत नव्हते. लागत होती ती नियमित साफसफाई. नळपाणी आल्यावर तिची गरज संपल्याचा समज झाला, नाले बुजले आणि तळी कोरडी पडली.

२०१४ मध्ये तंजावूर महानगरपालिका झाली आणि २०१६ मध्ये शहराची स्मार्ट सिटी अभियानात निवड झाली. या अभियानातून अय्यनकुळम व सामंतनकुळम ही तळी दुरुस्त करण्यात आली आणि भूमिगत नाला साफ करून तळ्यात पुन्हा पाणी आणण्यात आले. मात्र ३१ मार्च २०२५ रोजी अभियान समाप्त झाले. भांडवली खर्च अभियानाने केला. गाळ काढण्याचा, सांडपाणी अडविण्याचा व राखणदारीचा आवर्ती खर्च महानगरपालिकेच्या महसुली अंदाजपत्रकावर आला. नवे बांधकाम दिसते, देखभाल दिसत नाही. म्हणून टंचाईच्या वर्षी कात्री प्रथम देखभालीवर चालते. तसे झाल्यास जी तळी एकदा कोरडी पडली होती, ती पुन्हा कोरडी पडतील.

हातात काय आहे?

कावेरीचे पाणी महानगरपालिकेच्या हाती नाही. मेट्टूर धरणातून सिंचनासाठी १२ जून रोजी पाणी सोडण्याची प्रथा आहे. २०१६ मध्ये ते २० सप्टेंबरला सोडले गेले आणि त्याच वर्षी तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस सरासरीपेक्षा ६२ टक्के कमी झाला. २०२२ मध्ये मात्र २४ मे रोजीच पाणी सोडता आले. २०२४ मध्ये जुलैअखेर उजाडली. नदीचा भरवसा असा कमी-अधिक होत असताना स्थानिक साठ्याचे मोल वाढते. धरण आणि आंतरराज्य वाटप हे राज्याचे व केंद्राचे विषय आहेत. तळे, गटार, घनकचरा, वृक्ष आणि बांधकाम परवाना हे नगराचे. आराखड्याच्या आढाव्यात दोहोंची सरमिसळ झाली की अपयशाचे खापर पावसावर फोडणे सोपे जाते.

तमिळनाडूने राज्य हवामान बदल अभियानाबरोबर जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली जिल्हा अभियानेही स्थापन केली आहेत. जिल्हा व नगर यांच्या कामांची सांगड घालणे हेही म्हणूनच आढाव्याचे कार्य ठरते.

आढाव्याच्या तीन कसोट्या

पहिली कसोटी फलिताची. किती निधी खर्च झाला यापेक्षा पावसाळ्यानंतर तळ्यात किती महिने पाणी राहिले आणि भोवतालच्या विहिरींची पातळी किती वाढली, हे मोजले पाहिजे. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाच्या हवामान-स्मार्ट शहरे मूल्यांकन चौकटीत पाच विषयांखाली २८ निर्देशक होते. असे निर्देशक उपयुक्त असले तरी त्यांतील गुणांकन हे साधन आहे, साध्य नव्हे.

दुसरी कसोटी निधीच्या सातत्याची. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांच्याशी बंधित ठेवली होती. पर्जन्यजल संधारणही त्यात समाविष्ट होते. परंतु आयोगाचा कालावधी ठराविक असतो; देखभाल कायमची असते. मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला व २०२४ मध्ये हवामान अंदाजपत्रक मांडून आराखड्यातील कामे लेखाशीर्षांशी जोडली. लहान शहरांनाही ही पद्धत अनुसरता येण्याजोगी आहे, कारण तिला मोठा निधी नव्हे, हिशेबाची शिस्त लागते.

तिसरी कसोटी न्यायाची. तंजावूरमध्ये किल्ल्याच्या खंदकाकाठी राहणाऱ्या कुटुंबांना विकासकामांसाठी स्थलांतर करावे लागले. जलाशयाचा लाभ साऱ्या शहराला मिळतो. त्याची किंमत मात्र थोड्या गरीब कुटुंबांनी मोजावी, हे अर्थशास्त्राच्या भाषेत लाभ-व्ययाचे विषम वाटप होय. नव्या ठिकाणी रोजगार, शाळा आणि वाहतूक मिळाली की नाही, याची नोंद आढाव्यात नसेल तर तो आढावा अपुरा ठरेल.

लोकसहभागाची परंपरा

कावेरी खोऱ्यात तळी व कालवे गावकऱ्यांनी सामूहिक श्रमातून राखण्याच्या प्रथेस 'कुडिमरामत्तु' म्हणतात. १८५८ च्या मद्रास कायद्याने या सहकार्याला सक्तीचे रूप दिले. राज्य शासनाने २०१७ मध्ये याच नावाची योजना पुन्हा सुरू केली. सहभाग सक्तीने टिकत नाही आणि केवळ अनुदानानेही टिकत नाही. लाभधारकांना निर्णयात व हिशेबात स्थान असेल तरच तो टिकतो. नगरात हे स्थान देण्याचे साधन म्हणजे प्रभाग समिती होय.

स्थानिक संस्थेचा हवामान आराखडा जागतिक तापमानवाढ रोखण्यास एकटा पुरा पडणार नाही. परंतु पुढच्या दुष्काळी वर्षी एका वस्तीच्या विहिरीला पाणी असेल की नाही, हे त्याच्यावर पुष्कळ अंशी अवलंबून आहे. त्या विहिरीची पातळी हीच आराखड्याची खरी परीक्षा मानली पाहिजे.