टॅपेटची फट आणि व्हॉल्व्हची उचल

वैशाखात आपल्या खानदेशात पारा 44-45 अंशांवर जातो. रावेर-यावलची केळी असो की शिरपूर-शिंदखेड्याकडचा तापीकाठचा मळा, पाण्याची एक पाळीही चुकवून चालत नाही. ठिबक बसवलेले असले तरी पंप चालला तरच पाणी येणार. वीज वेळेवर येईलच असे नाही, म्हणून डिझेल इंजिन बाहेर काढावे लागते. आणि नेमके त्याच दिवशी ते हँडल मारून मारून घाम काढते. सुरू झालेच तर काळा धूर ओकते आणि लोड येताच दम टाकते.

अशा वेळी आपण फिल्टर बदलतो, नोझल तपासतो. ते बरोबरच आहे. पण हेडवरचे झाकण उघडून टॅपेटची फट कोणी पाहत नाही. आज त्या फटीबद्दलच बोलू.

इंजिनाला हवा आत घ्यायला एक व्हॉल्व्ह असतो, तो इनलेट. जळका धूर बाहेर सोडायला दुसरा, तो एक्झॉस्ट. खाली कॅमशाफ्टवर उंचवटे असतात, त्यांना कॅम म्हणतात. कॅम फिरला की टॅपेट वर ढकलला जातो. टॅपेट पुश रॉडला ढकलतो, पुश रॉड रॉकरचे एक टोक उचलते आणि रॉकरचे दुसरे टोक व्हॉल्व्हला दाबून उघडते. मिनिटाला 1500 फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 750 वेळा उघडतो. तो जेवढा उघडतो त्याला फिटर लिफ्ट म्हणतात. आपण उचल म्हणू.

रॉकर म्हणजे आपली पहारच समजा. पहारीचा टेकू कुठे ठेवला यावर धोंडा किती उचलेल ते ठरते. हिशेबापुरते उदाहरण घ्या. रॉकरची व्हॉल्व्हकडची बाजू पुश रॉडकडच्या बाजूच्या सव्वापट आहे आणि कॅम 6 मिलिमीटर ढकलतो. मग व्हॉल्व्ह साडेसात मिलिमीटर उघडायला हवा. यातून रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट वजा करा. फट 0.20 असेल तर उचल 7.30 राहते. झिजून किंवा नट ढिला होऊन फट 1 मिलिमीटर झाली तर उरते 6.50. म्हणजे सुमारे नववा हिस्सा गेला. शिवाय व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आणि लवकर मिटतो. हवेची वाट अरुंद झाली, वेळही कमी झाला. डिझेल मात्र तेवढेच पडते. मग काळा धूर निघणारच.

कोणी म्हणेल, मग फटच ठेवू नये, टकटकही थांबेल. बंधूंनो, हीच चूक सर्वांत महाग पडते. लोखंड तापले की वाढते. फट नसली तर तापलेला व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही. कॉम्प्रेशन निसटते आणि इंजिन सुरू व्हायला त्रास देते. व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच देतो. टेकलाच नाही तर त्याची कड जळते. आधी जळतो तो एक्झॉस्ट, कारण तो जास्त तापतो. म्हणून अनेक इंजिनांत एक्झॉस्टची फट इनलेटपेक्षा थोडी जास्त सांगितलेली असते. शेजाऱ्याच्या इंजिनाचा आकडा आपल्याला चालेलच असे नाही. आपल्या इंजिनाच्या पुस्तकातला आकडा पाहा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा.

फट अशी तपासा:

1. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. डिझेल बंद करा. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर चालू स्थितीत असू द्या. तो उचललेला राहिला तर व्हॉल्व्ह दाबलेला राहतो आणि माप चुकते.

2. फ्लायव्हील चालीच्या दिशेने हाताने फिरवा. इनलेट उघडून मिटला की फ्लायव्हीलवरची पिस्टन वर आल्याची खूण जुळेपर्यंत पुढे न्या. आता दोन्ही रॉकर हाताला किंचित हलले पाहिजेत.

3. नेमक्या मापाची फिलर गेजची पट्टी रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये घाला. ती अंगाला घासत सरकावी. अडकू नये, सैलही पडू नये.

4. कमीजास्त असेल तर लॉक नट ढिला करून स्क्रू फिरवा. स्क्रू धरून ठेवूनच नट आवळा. नट आवळल्यावर फट पुन्हा मोजा. पुष्कळदा ती इथेच बदलते.

फट बरोबर करूनही दम येत नसेल तर उचल मोजा. फ्लायव्हील हळू फिरवा आणि स्प्रिंगची वरची टोपी किती खाली जाते ते पट्टीने पाहा. उचल पुस्तकापेक्षा कमी भरली तर कॅम, टॅपेट किंवा रॉकरची बुश झिजलेली असते. पुश रॉड काढून काचेवर लोळवा. वाकडी असेल तर डगमगते. वाकडी रॉड दाबाखाली आणखी लवते आणि तेवढी उचल खाते.

रॉड बदलताना लांबी जुळवूनच घ्या. लांब रॉड घातल्याने उचल वाढत नाही. फट मात्र जाते आणि व्हॉल्व्ह पिस्टनला ठोकण्याची भीती असते. व्हॉल्व्ह अर्धा उघडलेला असताना रॉकर त्याच्या दांड्याशी काटकोनात असावा. तसा नसला तर रॉकर व्हॉल्व्हला बाजूला रेटतो आणि गाईड झिजते. व्हॉल्व्हच्या माथ्यावर रॉकरची खूण मधोमध दिसली तर समजा की बसवणूक ठीक आहे. कडेला असेल तर फिटरला दाखवा.

आणखी एक गोष्ट. व्हॉल्व्ह ग्राइंड केले की ते सीटमध्ये खोल बसतात आणि फट कमी होते. हेड घासून घेतले तरी फट कमीच होते. जाड गॅस्केट घातले तर वाढते. म्हणून हेड उघडले की टॅपेट पुन्हा लावलेच पाहिजे. फिटरला तसे सांगा, आणि तो फट मोजताना स्वतः जवळ उभे राहा.

हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि लागते एक फिलर गेज. होळीच्या सुमारास, उन्हाळी पाणी सुरू होण्याआधी, ते उरकून घ्या. टकटक कानाला किती लागते यावर जाऊ नका, पट्टीवर विश्वास ठेवा. म्हणजे ऐन वैशाखात केळीचे घड उन्हात आणि मालक फिटरच्या दारात, अशी पाळी येणार नाही.