चव गेली, हाही पुरावाच

मालगुंडात साथीच्या रोगांविषयी बोलायचे तर केशवसुतांची आठवण टाळता येत नाही. या गावात जन्मलेला हा कवी १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेला. त्या रोगाच्या खुणा उघड होत्या: सणसणीत ताप आणि जांघेत किंवा काखेत आलेली गाठ. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालची पथके घरांत शिरून रुग्ण शोधत होती, ती याच खुणांवरून. बाहेरच्या माणसाला जे दिसते किंवा मोजता येते तेच लक्षण, अशी साथ हाताळणाऱ्या यंत्रणेची समजूत जुनी आहे. २०२० मध्ये कशेडी घाटातल्या नाक्यावर मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांचा ताप तपासला जात होता, त्यामागेही तीच समजूत होती. कोरोनाने मात्र जे सर्वांत बोलके लक्षण आणले ते कोणत्याही नाक्यावर दिसणारे नव्हते. ‘तोंडाला चवच नाही’ हे रुग्णानेच सांगायला हवे होते. या वाक्याला पुराव्याचा मान द्यायला आपण उशीर केला आणि अजूनही तो पुरता देत नाही, हे मला आज मांडायचे आहे.

उशीर किती, ते तारखांवरून दिसते. ब्रिटनच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मार्च २०२० मध्येच या लक्षणाकडे बोट दाखवले होते. तिथल्या सरकारने ते अधिकृत यादीत घेतले १८ मे रोजी, आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १३ जूनला. दरम्यान ब्रिटन-अमेरिकेतल्या लोकांनी मोबाइलवर नोंदवलेल्या लक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात कोरोना असल्याचे चाचणीत ठरलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्क्यांनी वास किंवा चव गेल्याचे सांगितले होते, तर चाचणीत रोग न आढळलेल्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांनी. ताप शंभर कारणांनी येतो. त्या वसंतात इतका फरक दाखवणारी दुसरी तक्रार क्वचितच होती.

यावर पहिला आक्षेप असा, की साध्या पडशातही जेवण बेचव लागतेच. ते खरे आहे. आपण ज्याला चव म्हणतो तिचा फार मोठा भाग वासाचा असतो. घास चावताना त्याचा गंध घशामागून नाकात चढतो. नाक चिमटीत धरून सोलकढी प्यायली तर आमसुलाचा आंबटपणा आणि मीठ कळते, पण लसूण-कोथिंबीर हरवते. पडशात हेच घडते, कारण वाट चोंदलेली असते. कोरोनात अनेकांचे नाक मोकळे असूनही वास गेला. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की विषाणूला पेशीत शिरायला लागणारे एसीई-२ हे प्रथिन वास ओळखणाऱ्या चेतापेशींत नसून त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींत असते. आधार कोसळला की चेतापेशी निकामी होतात, आणि तो पुन्हा उभा राहिला की बहुतेकांचा वास परततो. शिवाय जगभरातल्या चार हजारांवर रुग्णांनी भरलेल्या एका प्रश्नावलीत वासाबरोबर जिभेची चव आणि मिरचीचा झोंबरेपणाही कमी झाल्याचे आढळले. हा तिसरा भाग महत्त्वाचा आहे. बांगड्याच्या आमटीतल्या तिरफळाने जिभेला जी झिणझिण येते ती चव नव्हे, वासही नव्हे. ती चेहऱ्याची स्पर्शसंवेदना वाहणाऱ्या नसेतून येते. म्हणून ‘चव आहे का?’ एवढेच विचारणे अपुरे. वास येतो का, मीठ कळते का, तिखट झोंबते का, असे तीन प्रश्न वेगवेगळे विचारायला हवेत. त्याला यंत्र लागत नाही, स्वयंपाकघर पुरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: रुग्णाच्या सांगण्यावर भरवसा किती ठेवायचा? याचे उत्तर पुण्यात मिळाले. ‘आयसर’मधील निक्सन अब्राहम यांच्या प्रयोगशाळेने बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या साथीने, इतर लक्षणे नसलेल्या बाधितांची गंधक्षमता उपकरणाने मोजली. बहुसंख्यांमध्ये ती घटलेली निघाली, पण स्वतःला ते जाणवलेले थोडेच होते. म्हणजे माणसे ही तक्रार वाढवून सांगतात ही भीती उलटी ठरते. तक्रार कमीच सांगितली जाते. अर्थात ‘मला वास येतो’ म्हणणाऱ्याला निरोगी ठरवता येणार नाही, ही मर्यादाही याच निष्कर्षातून निघते.

विषाणू बदलला की लक्षणही बदलते, हे मान्यच करायला हवे. ब्रिटनमधल्या नोंदींत डेल्टाच्या काळी निम्म्याहून अधिक रुग्णांचा वास गेला होता, ओमिक्रॉनमध्ये सुमारे १७ टक्क्यांचा. पण त्यामुळे विचारणे सोडायचे कारण नाही. पुढच्या विषाणूसाठी प्रश्न तयार ठेवायचा. ‘औषध नाही, मग विचारून उपयोग काय?’ असेही म्हटले जाते. उपयोग आहे. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचा वास रोज दोनदा काही आठवडे घेण्याचा सराव जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्येच मांडला होता, आणि त्याने अनेकांना फायदा होतो. रक्तदाबाच्या रुग्णाला चव लागेना म्हणून तो मीठ वाढवतो, तेही विचारल्याशिवाय कळत नाही. आपल्या या कोकण किनाऱ्यावर तर मुले मुंबईत आणि म्हातारी माणसे एकटी घरात, अशी कितीतरी घरे आहेत. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, तो गळती कळावी म्हणून. ज्याचे नाक गेले त्याला ती कळत नाही, नासलेली मासळीही कळत नाही. घरोघर जाणाऱ्या आशाताईंच्या नोंदवहीत तापाच्या रकान्याशेजारी हे तीन प्रश्न छापावेत, आणि उत्तर ‘नाही’ आले तर त्या घरातला रेग्युलेटर रात्री बंद होतो की नाही, हे शेजाऱ्यांना पाहायला सांगावे.