खिडकीवरचा माणूस
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेवर माझा विषय ‘संसर्गजन्य नमुने : स्वीकार आणि नोंद’ असा छापलाय. जंतू कसे पसरतात हे कोरोनानं आपल्याला घरबसल्या शिकवलं, त्यात मी वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते लॅबच्या खिडकीवर नमुने घेणाऱ्या माणसाबद्दल. आत लाखोंचं मशीन असलं, तरी खिडकीवर नळ्यांची अदलाबदल झाली की रिपोर्ट बिनचूक येतो आणि भलत्याच माणसाचा येतो. (हशा) हसलात, पण त्या भलत्या माणसाला उपचार सुरू होतात.

खिडकीवर काय येतं ते बघा. रक्ताची नळी, तिच्याभोवती गुंडाळलेला डॉक्टरांचा फॉर्म, वर रबरबँड. बूच सैल, त्यामुळे फॉर्मच्या घडीत तपकिरी डाग. कर्मचारी रबर काढतो, फॉर्म तळहातानं सपाट करतो, त्याच ग्लोव्हजनं पेन उचलतो, रजिस्टर ओढतो, फोन वाजला की तोही कानाला लावतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान ७ दिवस टिकतो. म्हणजे ते पेन उद्या जो हातात घेईल, त्याचं काय?

आपल्या घरात खरकट्या हातानं कुणी माठात पेला बुडवला तर आजी गप्प बसते का? इथेही तेच हवं. नमुन्याला लागणारा हात वेगळा, पेनाचा हात वेगळा. एकानं नमुना उघडायचा, नाव वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं. हा माझा हट्टच समजा.

(मागून आवाज : “छोट्या लॅबला दोन माणसं परवडत नाहीत!”)

अडचण खरी आहे, तरी मी माझं म्हणणं सोडणार नाही. माणूस एकच असेल तर त्यानं आधी सगळ्या नळ्या फॉर्मशी ताडून बघाव्यात. एकाच क्रमांकाचे दोन स्टिकर आधीच छापून ठेवावेत, एक नळीवर, एक फॉर्मवर. नळ्या स्टँडमध्ये लावाव्यात, ग्लोव्हज काढून साबणानं हात धुवावेत आणि मगच रजिस्टर उघडावं. यात वेळ जाईल, पगार वाढणार नाही. (टाळ्या)

क्रमांकावरून मुल्कोवाल आठवलं, ते सांगायलाच हवं. पंजाबातलं गाव, १९०२ चा ऑक्टोबर. प्लेगची लस टोचली गेली, आपल्या परळच्या प्रयोगशाळेत, ही लस शोधणाऱ्या हाफकिन यांच्या देखरेखीखाली बनलेली. टोचून घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वातानं गेले. ठपका हाफकिनांवर आला, पद गेलं. पण बाटल्यांवर क्रमांक होते! ती १९ही माणसं एकाच बाटलीतली, ५३-एन. बाकी बाटल्यांतून टोचलेल्यांना धनुर्वात झाला नाही. मग दोष एकट्या त्या बाटलीत शोधता आला. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे पुढे आलं. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांची बाजू लावून धरली, हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. क्रमांकच नसता तर ती बाटली वेगळी कशी काढली असती?

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. मग नमुन्यांच्या पॅकिंगचं सोडते, पण हे सोडता येणार नाही. नळीवर लाल शाईनं ‘एचआयव्ही’ लिहून पाठवू नका. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं रुग्णाची गोपनीयता राखायची आहे. शिवाय लाल शाईच्या नळीला जपून हात लागतो आणि बाकीच्या नळ्या बिनधास्त हाताळल्या जातात. त्यांतलीच एखादी कावीळवाल्याची असते. प्रत्येक नळी संसर्गजन्य धरूनच घ्यायची. आणि खिडकीवरच्या माणसाला हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस मिळालेत का, हे लॅबच्या मालकाला विचारा. विचाराच!

तुम्ही नमुन्याची डबी घेऊन जाल तेव्हा नाव डबीवर लिहा, झाकणावर नको, झाकणं बदलतात. फॉर्म वेगळ्या पिशवीत द्या. डबी गळतेय म्हणून खिडकीवरच्या माणसानं थुंकी किंवा लघवी परत केली, तर भांडू नका, दुसरी द्या. पाठीच्या मणक्यातलं पाणी मात्र त्यानं परस्पर परत करू नये. ते पुन्हा काढणं म्हणजे रुग्णाला पुन्हा सुई. आधी डॉक्टरांना फोन, मग रजिस्टरमध्ये ‘गळका आला, डॉक्टरांना विचारून घेतला’ अशी नोंद, वेळ आणि सही.