एकदा होऊन गेला, तरीही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी डेंग्यूवर बोलणार म्हटल्यावर काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण या दुखण्याने माझ्या घरचे माणूस जवळजवळ नेलेच होते, म्हणून विषय टाळवत नाही.

माझ्या धाकट्या जावेला 2014 साली डेंग्यू झाला. आठवडाभर अंग मोडून निघाले आणि ती बरी झाली. 2018 च्या भाद्रपदात तिला पुन्हा ताप भरला. मी म्हटले, रक्त तपासून घे. तर ती हसून म्हणाली, "जाऊबाई, मला एकदा होऊन गेलाय तो. गोवर का कुणाला पुन्हा होतो?" आणि मलाही ते पटले! चौथ्या दिवशी ताप उतरला, आम्ही निश्चिंत झालो. त्याच संध्याकाळी पोटात असह्य दुखू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आले. पाच दिवस दवाखान्यात काढून ती सुखरूप परत आली, हे आमचे भाग्य.

तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेली मी. मला हे ठाऊक नसावे? त्या लाजेनेच वाचावयास बसले.

डेंग्यूचा विषाणू एक नाही, त्याचे चार प्रकार आहेत. एक प्रकार होऊन गेला की त्याच्यापुरते दीर्घकाळ संरक्षण मिळते. उरलेल्या तिघांपासून मिळते ते थोडे महिनेच. उलट, पुढे निराळा प्रकार आला तर आधीची प्रतिद्रव्ये कधी कधी त्याला अडवण्याऐवजी पेशीत शिरावयास मदतच करतात. प्रत्येक दुसरा डेंग्यू गंभीर होतो असे नाही, आणि पहिलाही होऊ शकतो. पण दुसऱ्या खेपेस धोका अधिक. क्यूबा बेटावर 1977 साली पहिल्या प्रकाराची साथ आली, ती बरीचशी सौम्य होती. 1981 साली दुसरा प्रकार आला. तेव्हा 3,44,000 हून अधिक लोक आजारी पडले आणि 158 दगावले. त्यांत 101 मुले होती.

आता, कोणता विषाणू कुठून आला हे ओळखतात कसे? आपल्या मंगळागौरीच्या गाण्यांच्या वह्या आठवा. एकीने दुसरीची वही उतरवून घेतली आणि एक शब्द चुकला, तर पुढे तिच्यावरून उतरवलेल्या सर्व वह्यांत तीच चूक येते. चुका ताडून पाहिल्या की कोणती वही कोणत्या घरची ते कळते. विषाणूच्या पोटातही सुमारे 10,700 अक्षरांचा मजकूर असतो, आणि नक्कल होताना त्यात चुका होतात. रुग्णाच्या रक्तातून तो मजकूर वाचून शास्त्रज्ञ विषाणूचे घराणे ठरवतात.

हे काम आपल्या पुण्यातही होते. 1952 साली तेथे विषाणू संशोधन केंद्र निघाले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. तेथील शास्त्रज्ञांनी 1956 पासूनचे दुसऱ्या प्रकाराचे विषाणू नव्यांशी ताडून पाहिले. तेव्हा दिसले की 1971 पर्यंत भारतात त्याचे अमेरिकन नावाचे घराणे नांदत होते. पुढे त्याची जागा जगभर पसरलेल्या दुसऱ्याच घराण्याने घेतली. चौथा प्रकार तर तीस वर्षे पुण्यात आढळलाच नव्हता. तो पुन्हा सापडल्याचे 2011 साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात दोन रुग्ण गंभीर होते. म्हणजे नाव तेच राहते, पण दर वर्षी दाराशी येणारा पाहुणा तोच असेल असे नाही!

तेव्हा भगिनींनो, दोन गोष्टी करू या. आठवड्यातून एक वार ठरवून पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचे भांडे रिकामे करावे. नुसते ओतू नये, कडा घासावी. कारण डासाची अंडी कडेला चिकटून कोरडी महिनोन् महिने टिकतात. दुसरे, घरात कुणाला कधी डेंग्यू झाला ते वहीत लिहून ठेवावे आणि ताप येताच डॉक्टरांना सांगावे. अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी मनाने देऊ नये. आणि ताप उतरला म्हणजे संकट टळले असे समजू नये. पोटदुखी, उलट्या, रक्तस्राव, गुंगी यांतले काहीही दिसल्यास तडक दवाखाना गाठावा.

माझी जाऊ आज पहिल्याच रांगेत बसली आहे. तिच्या परवानगीनेच मी हे सांगितले.