अर्जातलं एक पान



कोल्हापूरहून कागल जेमतेम वीस किलोमीटर. तिथल्या एका कुळवाडी घरातल्या मुलाला वडिलांनी शाळेतून काढून शेतात घातलं होतं. त्याची आई त्याला घेऊन गावातल्या दत्ताजीराव देसाईंकडे गेली. त्यांनी वडिलांना बोलावून चार शब्द सुनावले आणि पोरगा पुन्हा वर्गात बसला. वर्गात मराठी शिकवायला सौंदलगेकर मास्तर होते. मास्तर चालीवर, हातवारे करत कविता म्हणत आणि स्वतःही कविता करत. त्यांच्या दारात मालतीचा वेल होता आणि त्या वेलावर त्यांनी कविता लिहिली होती. मुलानं वेल पाहिला होता आणि कविताही वाचली. आपल्या रोजच्या डोळ्यांसमोरच्या गोष्टीवर लिहिता येतं, हे त्याला तिथं उमगलं. मग पिकाला पाणी पाजताना तो कविता जुळवू लागला. कागद नसला की म्हशीच्या पाठीवर काटकीनं ओळी लिहायचा आणि पाठ करून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी त्या मास्तरांना दाखवायचा. मास्तर शब्द, वृत्त, अलंकार समजावून सांगायचे आणि वाचायला पुस्तकं द्यायचे.

हा मुलगा म्हणजे आनंद यादव. १९८७ साली आलेल्या ‘झोंबी’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीत त्यांनी हे सारं लिहून ठेवलं. त्या पुस्तकाला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते पुणे विद्यापीठात मराठी विभागाचे प्रमुखही होते.

आज आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातली लिहिती मुलं पदवीनंतर दिल्ली, हैदराबाद, बंगळूर, कधी इंग्लंड-अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे अर्ज करू लागली आहेत. कुणाला तौलनिक साहित्य शिकायचं असतं, कुणाला भाषाशास्त्र, कुणाला पटकथालेखन. मार्क चांगले असतात, वाचनही असतं. गाडी अडते ती अर्जातल्या एका पानावर. तुम्हाला हाच विषय का शिकायचा आहे, इथवर कसे आलात, पुढं काय करणार, हे त्या पानावर स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं. इंग्रजीत त्याला ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ म्हणतात, मुलं नुसतं ‘एसओपी’ म्हणतात. शहरातल्या शिकलेल्या घरात या पानावर आई, बाप, मावशी, शेजारचे काका अशा चार जणांची नजर फिरते. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलाला ते दाखवायला सौंदलगेकर मास्तरांसारखं कुणीच नसतं. बुद्धीत रतीभरही फरक नसताना अर्ज मागं पडतो तो इथं.

गेली काही वर्षं मी अशा मुलांबरोबर ही पानं वाचत बसतो. राधानगरी तालुक्यातल्या एका मुलीचं उदाहरण सांगतो. तिच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात होती, ‘मला लहानपणापासून वाचनाची आवड आहे.’ दुसऱ्या परिच्छेदात भाषा हे संस्कृतीचं वाहन असल्याचं लिहिलं होतं. खोटं त्यात काही नव्हतं. पण ते वाचून ती डोळ्यांसमोर उभी राहत नव्हती. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, शाळेत असताना सुट्टीत काय करायचीस? ती म्हणाली, चुलत्यांच्या गुऱ्हाळावर हिशेब लिहायचे. दिवसाला किती आधणं निघाली, किती रवे भरले, कुणाला किती उचल दिली. मग जरा थांबून म्हणाली, त्याच वहीत मागच्या पानांवर मी गूळ शिजवणाऱ्या गुळव्याचे शब्द लिहून ठेवायचे. काहिलीत रस उकळत असताना मळी कधी काढायची, चुलवाणाचा जाळ कधी कमी करायचा, पाक कधी उतरवायचा, हे तो ज्या शब्दांत सांगायचा ते शब्द शाळेच्या पुस्तकात कुठंच नाहीत, म्हणून.

मी म्हटलं, पोरी, तुझा अर्ज त्या वहीत आहे.

त्यानंतर महिनाभर ती लिहीत होती. मी तिच्यासाठी एक ओळही लिहिली नाही. फक्त विचारत राहिलो. गुळव्याचं वय काय होतं? त्याचे शब्द त्याच्या मुलाला येतात का? तू ते कुणाला वाचून दाखवलेस? पानाच्या शेवटी, बोलीतले असे शब्द शास्त्रशुद्ध रीतीनं कसे नोंदवायचे ते मला शिकायचं आहे, हे वाक्य तिचं तिलाच सापडलं. आज ती भाषाशास्त्र शिकते आहे.

मदत करणाऱ्यानं लेखणी हातात घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पैसे घेऊन अर्ज लिहून देणारे सगळ्या शहरांत आहेत. आता मोबाईलवरही दोन मिनिटांत गुळगुळीत इंग्रजी पान तयार होऊन येतं. त्यात चूक एकही नसते आणि माणूसही नसतो. निवड करणारे शिक्षक अशी शेकडो पानं वाचतात, त्यांना ते ओळखू येतं. पण माझा खरा आक्षेप दुसरा आहे. विसाव्या-एकविसाव्या वर्षी स्वतःच्या आयुष्याकडं नीट बघून त्यातलं महत्त्वाचं काय ते ठरवायची ही बहुतेकांची पहिलीच वेळ. ज्याला पुढं लेखक व्हायचं आहे त्याच्या हातून ही संधी आपण काढून घ्यायची?

इंग्रजीची धास्ती मोठी असते. मी मुलांना सांगतो, पहिला मसुदा मराठीत लिहा, मित्राला सांगितल्यासारखा, आपल्या कोल्हापुरी बोलीत लिहिलात तरी चालेल. आशय पक्का झाला की तो इंग्रजीत छोट्या, सरळ वाक्यांत उतरवता येतो. सर्जनशील लेखनाच्या अभ्यासक्रमांना स्वतःच्या लेखनाचा नमुना जोडावा लागतो. तिथं मराठी कथेचा अनुवाद स्वतः करून बघावा. अनुवाद करताना आपल्या कथेतलं कुठलं वाक्य पोकळ आहे ते चटकन कळतं.

शिफारसपत्राबद्दल मात्र मला माझ्या शिक्षक बंधुभगिनींशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. ‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. याउलट डॉ. आंबेडकरांचं उदाहरण बघा. कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहून त्यांची ओळख करून दिली. आपल्या विद्यार्थ्याचं काम काय आहे हे ठाऊक असलेल्या गुरूनं लिहिलेलं ते पत्र होतं. आपला विद्यार्थी वर्गात काय विचारतो, काय वाचतो, कुठल्या गोष्टीवर हटून बसतो, हे आपल्याला माहीत असतं. एवढं एका पानावर लिहायला तास पुरतो. तो तास आपण द्यायला हवा.

कोल्हापूरला मुलांना वाट दाखवण्याचं हे काम परकं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातली मुलं, अशा सगळ्यांसाठी एकेक वसतिगृह या शहरात उभं राहिलं. खेड्यातल्या मुलाला राहायला छप्पर आणि पोटाला अन्न मिळालं, हे आपण नेहमी सांगतो. मला त्याइतकीच मोलाची वाटते ती शेजारच्या खोलीतली सोबत. कुठली परीक्षा, कुठला फॉर्म, कुणाला भेटायचं, हे पुढच्या वर्गातला मुलगा सांगायचा. आज परदेशी शिक्षणासाठी राज्य सरकारची एक शिष्यवृत्ती आहे ती राजर्षींच्याच नावानं. ती मिळवायची तर आधी नामांकित विद्यापीठात प्रवेश हवा आणि प्रवेशासाठी पुन्हा तेच एक पान.

ही सोबत आजही उभी करता येते. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातले राजू केंद्रे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकले आणि पुढं चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. त्यांनी उभी केलेली एकलव्य ही संस्था घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना नामवंत संस्थांचे अर्ज भरायला मार्गदर्शन करते. आधी जाऊन आलेली मुलं मागून येणाऱ्यांना वाट दाखवतात. आपल्या शिवाजी विद्यापीठातून, इथल्या महाविद्यालयांतून बाहेर शिकायला गेलेले कितीतरी जण दिवाळीला, गणपतीला घरी येतात. त्यांनी आपल्या जुन्या कॉलेजात एक दुपार बसावं. निवृत्त शिक्षकांनी आपल्या गल्लीतल्या एका मुलाचं एक पान वाचावं. त्यासाठी संस्था नको, निधी नको, उद्घाटनही नको.

आणि मुलांनो, तुम्हाला एवढंच सांगतो. परदेशातल्या बऱ्याच विद्यापीठांच्या शेवटच्या तारखा डिसेंबर-जानेवारीत येतात, शिष्यवृत्त्यांच्या काही त्याआधीही. पहिला मसुदा गणपतीच्या आधी लिहून काढा, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या शिक्षकांकडं तो घेऊन जा.