कोडला उगाच शिव्या दिल्या

आजचा एपिसोड थोडा हार्डवेअरचा आहे. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे घाबरू नका. रिक्षात किंवा लोकलमध्ये ऐकत असाल तरी कळेल.

माझ्या मित्राचं छोटं वर्कशॉप आहे. त्याला एक ऑर्डर मिळाली होती: पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्यांचा फोटो काढून बॅच नंबर वाचायचा. कोड मी लिहिणार होतो. पट्ट्याचा वेग सेकंदाला १ मीटर, म्हणजे १ मिलिसेकंदात बाटली १ मिलिमीटर सरकते. अक्षरंच २ मिलिमीटरची. फोटो स्वच्छ यायला एलईडीचा लखलखाट फार तर २० मायक्रोसेकंदांचा हवा. तेवढ्यात बाटली ०.०२ मिलिमीटर हलते, म्हणजे जवळजवळ स्थिरच.

आम्ही बाजारातला तयार एलईडी ड्रायव्हर घेतला आणि त्याच्या चालू-बंदच्या पिनवर २० मायक्रोसेकंदांची पल्स दिली. फोटो काळाकुट्ट! २ मिलिसेकंद दिले की उजेड पडायचा, पण अक्षरं फराटलेली. मित्राचं रोज एकच, "अरे, तुझा कोड स्लो आहे." मलाही ते पटलं. दोन आठवडे मी इंटरप्ट, टायमर, प्रायॉरिटी असं सगळं उलटसुलट केलं. डिलिव्हरीची तारीख जवळ येत होती, त्याचा ॲडव्हान्स सामानात गेलेला.

शेवटी एकाकडून ऑसिलोस्कोप मागून आणला. एक प्रोब पिनवर, दुसरा एलईडीच्या वाटेतल्या ०.१ ओहमच्या रेझिस्टरवर. पिन झटक्यात वर गेली. करंट मात्र जिना चढणाऱ्या आजोबांसारखा, हळूहळू.

कारण साधं आहे. त्या ड्रायव्हरमध्ये कॉइल असते आणि कॉइलला करंट अचानक बदललेला आवडत नाही. वर सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे मुद्दाम सावकाश सुरू होणं. घरातल्या दिव्याला हे उत्तम, आमच्या कामाला निरुपयोगी.

मग विचार उलटा केला. पाणी हवं तेव्हा मोटर सुरू करण्याऐवजी टाकी आधीच भरून ठेवायची आणि फक्त नळ उघडायचा. टाकी म्हणजे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १२ व्होल्टला भरलेला. नळ म्हणजे मॉसफेट. ५ अँपिअर, २० मायक्रोसेकंद: कपॅसिटरचं व्होल्टेज जेमतेम ०.१ व्होल्टनं उतरतं. सेकंदाला ५ बाटल्या धरल्या तरी टाकी परत भरायला सरासरी अर्धा मिलिअँपिअर पुरतो! म्हणून भरायच्या वाटेत १ किलोओहमचा रेझिस्टर टाकला. माझा कोड अडकून पिन चालूच राहिली, तरी कपॅसिटर रिकामा झाल्यावर एलईडीला काही मिलिअँपिअरच मिळतील. माझ्या कोडवर मी एवढाच विश्वास ठेवतो. (एलईडीच्या डेटाशीटमध्ये पल्स करंटची मर्यादा बघा हं, हे विसरू नका.)

मॉसफेटचं गेटही भरावं लागतं. ४० नॅनोकूलॉम चार्ज आणि पिनचे २० मिलिअँपिअर, म्हणजे २ मायक्रोसेकंद गेले. मध्ये गेट ड्रायव्हर चिप लावली.

आता उजेड आला, अक्षरं दिसली, पण बोर्ड मधेच रीसेट व्हायला लागला. मी परत कोड उघडला, काय सांगू! या वेळी दोष वायरचा होता. बोर्डापासून एलईडीपर्यंत मीटरभर वायर, तिचं इंडक्टन्स साधारण १ मायक्रोहेन्री. त्यातून ५ अँपिअर ५० नॅनोसेकंदांत तोडायला गेलात तर हिशेबानं १०० व्होल्टचा झटका बसतो. स्कोपवर तो काटा स्पष्ट दिसत होता. कपॅसिटर आणि मॉसफेट उचलून एलईडीच्या अगदी शेजारी नेले, वाट काही सेंटिमीटरवर आणली, एक डायोड टाकला. काटा बसला, रीसेट थांबला.

तारखेच्या आदल्या रात्री मित्रानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. बॅच नंबर, एक्स्पायरी, सगळं लख्ख. खाली फक्त "चहा?" एवढंच. मी आधी लॅपटॉप उघडला आणि त्या दोन आठवड्यांतले कोडमधले सगळे बदल रिव्हर्ट केले. पहिलं व्हर्जन बरोबरच होतं.